बाद नगांची पेटी

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्याचे संपादक दर वर्षी फोन करून म्हणतात, "भोयर साहेब, तुमच्या त्या अंध विद्यार्थ्यांवर काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या न." तीन वर्षं मी टाळलं, कारण माझ्याजवळ प्रेरणादायी असं काहीच नाही. राग आहे. तो चालत असेल तर लिहितो, असं यंदा मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चालेल, पण चार पानांत बसवा." तेव्हा बसवतो.

मी काही शिक्षक नव्हे. पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. लोखंड कापणं, त्याला भोकं पाडणं आणि पाडलेलं भोक मापात आहे की नाही हे तपासणं, एवढंच मला येतं. निवृत्त झाल्यावर नेहरू नगरात राहायला आलो. घरापासून जवळच अंधांसाठी एक प्रशिक्षण केंद्र आहे. केंद्राचे सचिव सकाळी फिरायला निघत, तेव्हा रस्त्यात भेट होई. एक दिवस ते म्हणाले, "आमच्याकडे एक ड्रिल मशीन पडून आहे. विकायची आहे. चालते का तेवढं पाहून द्याल?"

मशीन कुणीतरी दान दिलेली होती. दात्याच्या नावाची पितळी पाटी होती आणि वर प्लास्टिकचा कागद. दर विश्वकर्मा पूजेला तिला हार घालत, कुंकू लावत. तिला वीज मात्र एकदाही जोडलेली नव्हती. मी तेल सोडून अडकलेला स्पिंडल, म्हणजे ड्रिल धरून फिरणारा दांडा, हातानं फिरवायला लागलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "तिचं बेअरिंग वाजून राहिलं."

वळून पाहिलं तर पंचविशीची एक मुलगी दारात उभी होती. घडी केलेली पांढरी काठी काखेत, ओढणीवर वाळलेल्या मेणाचे ठिपके. ही कुंदा मेश्राम. राहणार खुर्सीपार, वडील कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, घर मूळचं भंडारा जिल्ह्यातलं. जन्मापासून तिला दिसत नाही. ती शेजारच्या शेडमध्ये मेणबत्त्या बनवत होती. मी पुन्हा स्पिंडल फिरवला, कान लावला. बेअरिंग खरंच वाजत होतं आणि मला ते ऐकू आलेलं नव्हतं.

"तुला कसं समजलं?"

"आमच्या घराले लागून आटाचक्की आहे. तिचं बेअरिंग गेलं का असंच वाजते." मग म्हणाली, "सर, ही मशीन आमच्यासाठी आली न? मंग आमाले कावून नाही शिकवत?"

त्या दिवशी मी सचिवांना सांगितलं, मशीन विकू नका.

अंध माणूस ड्रिल मशीन कसा चालवणार, हे आधी मलाच कळायला हवं होतं. बेअरिंग बदलून घेतलं आणि आठवडाभर डोळ्यांवर पंचा बांधून मी त्या मशीनवर काम केलं. पहिल्याच दिवशी अंगठा कापला. घरी बायकोनं पट्टी बांधताना विचारलं, "रिटायर होऊन आता आंधळं व्हाचं बाकी होतं का?" तरी त्या आठवड्यात एक गोष्ट पक्की समजली. फिरत्या वस्तूजवळ हातानं काही शोधायची वेळ आली, तरच अपघात होतो. शोधायचं कामच ठेवलं नाही, तर डोळे असोत की नसोत, फरक पडत नाही.

म्हणून मी एक जिग बनवला. जिग म्हणजे लोखंडाचा जाड साचा. त्यात नग एकाच बाजूनं बसतो, चुकीचा बसतच नाही. नग म्हणजे ज्याच्यावर काम करायचं तो तुकडा. ड्रिल साच्यातल्या नळीतून खाली येतो, म्हणून भोक दुसरीकडे पडू शकत नाही. भोक किती खोल जावं त्यालाही अटकाव असतो. पायाखालचं पॅडल दाबलं तरच मशीन चालते, पाय उचलला की थांबते. डावा हात जिगच्या मुठीवर, उजवा लिव्हरवर. ड्रिलजवळ जायला हातच उरत नाही. आणि खरं सांगायचं तर, आमच्या शॉपमधले चांगले कारागीरही ड्रिलकडे बघत नसत. तेल आणि लोखंडाचा कीस यांत दिसतं काय? लिव्हरमधून हाताला जो दाब कळतो, त्यावरच काम चालतं.

तपासणी तर आणखी सोपी. त्यासाठी गेज असतं, दोन टोकांचा एक गुळगुळीत दांडा. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही जमलं तर नग पास. नाही जमलं तर नग बाद, त्याला बाजूच्या पेटीत टाकायचं. यात डोळ्यांचं काम कुठं आहे, ते मला कुणी सांगावं.

पण सचिवांना हे पटेना. चांगले गृहस्थ, वीस वर्षं विनावेतन केंद्र सांभाळलेलं. म्हणाले, "भोयरजी, उद्या कोणाचं बोट गेलं तर पेपरात माझं नाव येईल. यांना झेपेल तेच काम बरं."

कुंदा तिथंच उभी होती. तिनं कुर्त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे.

"साहेब, हे पाहा. तीन साल झाले, गरम मेण ओतून राहिली. हे कोणत्या पेपरात आलं?"

त्या केंद्राच्या स्टॉलवरून दर दिवाळीला मी मेणबत्त्या घेत होतो. वाकड्या असल्या तरी घेत होतो आणि वाकड्या आहेत असं कधी म्हटलं नाही. त्याला मी स्वतःचा चांगुलपणा समजत होतो. त्या मुलांच्या मालातली चूक त्यांना सांगायची नाही म्हणजे त्यांना कारागीरच समजायचं नाही, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि त्या मेणबत्त्या ओतणारे हात कुणाचे, कसे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सचिवांनी परवानगी दिली. चार जण शिकायला लागले. कुंदा सगळ्यांत पुढं निघाली. तिचे हात शांत होते आणि घाई तिच्या स्वभावात नव्हती. एखादा नग बाद केला की का बाद केला ते ती सांगे. मी मुद्दाम खोटं बोलून पाहिलं, "हा चांगला आहे, जाऊ दे." ती म्हणे, "सर, गेज आत नाही गेलं. नाही गेलं तर नाही गेलं."

मधे रायपूरला एक परिषद भरली. आशिया खंडातल्या अंधांना कामधंद्याचं शिक्षण कसं वाढवता येईल, असा विषय होता. मोठं हॉटेल, पडद्यावर नकाशे, दूरदूरच्या देशांतले पाहुणे. मी कुंदाला घेऊन गेलो. आठ महिने मशीनवर काम केलेली मुलगी, तिला पाच मिनिटं बोलू देतील असं वाटलं होतं. संयोजकांनी तिला हाताला धरून मंचावर नेलं आणि म्हणाले, "बेटा, एक प्रार्थना गा दो."

"मुझे गाना नहीं आता," कुंदा म्हणाली.

"कुछ भी गा दो, दो लाइन."

"मुझे ड्रिलिंग आता है।"

लोक हसले. त्यांना वाटलं गमतीनं बोलली. तिला शाल दिली आणि खाली आणून बसवलं. दिवसभरात मंचावर एकही अंध माणूस बोलला नाही. परतीच्या गाडीत मी तणतणत होतो. कुंदा शालीचा पोत बोटांनी तपासत म्हणाली, "आईले होईल."

त्यानंतर मी तिच्यासाठी नोकरी शोधायला निघालो. लेथवर बुश बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या मालकाची माझी जुनी ओळख होती. बुश म्हणजे मशीनच्या दांड्यावर बसणारी लोखंडी बांगडी. तिला तेलासाठी एक भोक पाडायचं आणि आतला व्यास गेजनं तपासायचा, एवढं काम. मालकानं तासभर कुंदाचं काम पाहिलं आणि तिथल्या तिथं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या दोघांचा फोटो आला, कुंदाच्या हातात पुष्पगुच्छ. मी तो कापून ठेवला. केंद्राच्या फळ्यावर लावला. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

मी कुंदाला जाताना नवं गेज भेट दिलं होतं, त्या कारखान्यातल्या बुशांच्या मापाचं. आपलं हत्यार आपलं असावं, एवढाच विचार होता.

तीनेक आठवड्यांनी ती केंद्रात आली. मी विचारलं, "काय म्हणते मशीन?"

"सर, मी मशीनवर नाही आहो."

"मग?"

"ऑफिसात खुर्ची देली. तिथं बसून राहाचं. अकरा दिवस काम केलं, मंग म्हणे सेफ्टीसाठी इथं बस. पाहुणे आले का उठवते, मशीनजवळ नेते, हात ठेवाले लावते, फोटो काढते. मशीन बंद असते."

"पगार?"

"पगार पुरा देते. आई खुश आहे. म्हणते, पोरगी एसीत बसते."

यानंतर मी जे बोललो ते माझ्या कामकाजाच्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य आहे. मी म्हणालो, "कुंदा, घाई करू नको. पगार मिळतो न? टिकून राहा. हळूहळू देतील मशीन."

ती म्हणाली, "सर, दिवसभर हात मांडीवर ठेवून बसा लागते. तुमी बसून पाहा एक दिवस." आणि निघून गेली. एकतीस वर्षांत कुणी मला पगार देऊन नुसतं बसायला सांगितलं असतं, तर मी युनियन घेऊन गेटवर गेलो असतो. तिला मात्र मी टिकून राहा म्हणालो. मीही आतून सचिवांसारखाच होतो. वाकडी मेणबत्ती मुकाट्यानं घेणारा.

पुढच्या रविवारी दुपारी माझ्या दारात पटले येऊन उभा राहिला. पटले त्या कारखान्यातला फोरमन, गोंदियाकडचा, पन्नाशीचा माणूस. पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "साहेब, तुमाले एक गोष्ट सांगाची आहे. त्या पोरीले सेफ्टीसाठी नाही उठवलं."

"मग कशासाठी?"

"तिनं पयल्याच हप्त्यात बाद नगांची पेटी भरली. आमच्या गेजनं ते नग पास होत होते. ती म्हणे, मी माह्या गेजनं तपासते. मी दोन्ही गेज लावून पायले. पोरगी बरोबर होती. आमचं गेज झिजलं आहे. कितीक महिन्यांपासून भोक लहान असलेला माल पास होऊन जाऊन राहिला. मालकाले सांगितलं. मालक म्हणे, इसको दिखता नहीं, बेंच से हटाओ."

त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं कारखान्याचं गेज काढलं. माझं जुनं मायक्रोमीटर कपाटात होतं. मापून पाहिलं. आत जायचं टोक झिजून बारीक झालं होतं. म्हणून कमी मापाच्या भोकातही ते सहज शिरत होतं आणि खराब बुश चांगले ठरत होते. त्या शेडमध्ये डोळे असलेले कितीतरी जण होते. चूक एकीच्या बोटांना सापडली आणि तिला हटवायला कारण दिलं ते तिला दिसत नाही हेच.

मी खुर्सीपारला तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "मंग मी बरोबर होती." एवढंच. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, मी उद्या नोकरी सोडून राहिली." आई चुलीजवळून उठून आली. मी खाली मान घालून बसलो होतो. आई म्हणाली, "सर सांगते तसं कर." कुंदा म्हणाली, "सरानं एक डाव सांगितलं. आता मी सांगते."

सोमवारी आम्ही दोघं मालकासमोर बसलो. मी गेजचं विचारलं. मालक शांतपणे म्हणाला, "भोयरजी, गेज बदल देंगे। इसमें लड़की का क्या काम? हम तो इसको बिठाकर तनख्वाह दे रहे थे। और क्या चाहिए?"

"काम चाहिए था," कुंदा म्हणाली. "नहीं है तो अनुभव का लेटर दे दीजिए।"

त्यानं कारकुनाकडून पत्र टाइप करून घेतलं, सही केली, पाकिटात घालून माझ्याकडे सरकवलं. कुंदानं हात पुढं केला. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं कागद काढून टेबलावर सपाट केला आणि त्यावर आपला मोबाइल धरला. हल्ली मोबाइल छापलेलं वाचून दाखवतात. मालकाला ते ठाऊक नसावं. त्या यंत्राच्या कोऱ्या आवाजात सगळ्या ऑफिसनं ऐकलं, "दृष्टिबाधित होने के कारण निरीक्षण कार्य में असमर्थ पाई गईं।"

कारकून खिडकीबाहेर बघायला लागला. कुंदानं कागदाची घडी केली, पाकिटात घातली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

"ये मैं नहीं ले जाऊँगी। इसमें झूठ लिखा है।"

मी तेव्हा आवाज चढवला. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. कायद्याचं नावही घेतलं. कायदा आहे, चांगला आहे, त्यात सगळं लिहिलेलं आहे. नंतर मी त्याखाली तक्रारही केली. ती पुढील कार्यवाहीसाठी पाठवली आहे, असं उत्तर आलं. ती अजून पुढंच जाते आहे.

पण त्या दिवशी आम्ही गेटच्या बाहेर पडत होतो, तेवढ्यात पटले मागून आला. वहीचं एक पान त्यानं कुंदाच्या हातात दिलं. त्यावर त्यानं स्वतःच्या अक्षरात हिंदीत लिहिलं होतं की कुंदा मेश्राम यांनी अकरा दिवस निरीक्षणाचं काम केलं, त्यांनी बाद केलेला प्रत्येक नग मी स्वतः पुन्हा तपासला आणि प्रत्येक नग खरोखर बाद होता. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही, मोबाइल नंबर.

मी म्हणालो, "पटले, तुमची नोकरी?"

"मालूम पडलं तर पडू दे," तो म्हणाला आणि आत गेला. मालकाला कळलंच. पटलेला फोरमनच्या जागेवरून काढून माल भरायच्या शेडमध्ये टाकलं. तो अजून तिथंच आहे. मला भेटतो तेव्हा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

ते पान घेऊन आम्ही चार कारखाने फिरलो. एकानं विम्याची सबब पुढं केली, एकानं जिन्याची. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "इसके घर में कोई नहीं है क्या?" चौथ्यानं पान वाचलंच नाही, दिवाळी जवळ आली होती, तर मेणबत्त्यांची ऑर्डर देतो म्हणाला. कुंदा प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणे, "एक घंटा काम देख लीजिए।" तासभर पाहायलाही कुणी तयार नव्हतं. मी घरी येऊन भांडी आपटायचो. ती मात्र दुसऱ्या सकाळी वेळेवर बसस्टॉपवर उभी असे.

दरम्यान केंद्रात काय चाललं आहे, तेही सांगायला हवं. मशीनवर आता सहा जण शिकतात. शेजारच्या शेडमध्ये त्याच्या दुप्पट मुलं मेणच ओततात. सचिवांनी त्यांना हातमोजे आणून दिले, ही एक सुधारणा. या वर्षी वरून अंधांसाठीच्या अभ्यासक्रमांची नवी यादी आली. मेणबत्ती, अगरबत्ती, खडू, खुर्ची विणणं. वरच्यांना कुंदा माहीत नाही, हे मी समजू शकतो. पण ज्यांच्यासाठी यादी केली त्यांच्यातल्या एकाला तरी बोलावून, बाई गं, बाबा रे, तुला काय शिकायचं आहे, असं विचारायला काय हरकत होती? यादीच्या मागं चार पानी पत्र जोडून मी ती परत पाठवली आहे. सचिवांनी त्यावर सही केली, हेही इथं नमूद करतो.

पाचवा कारखाना नंदिनी नगरच्या रस्त्याला होता. पंपाचे सुटे भाग बनवतात. चालवणारी एक मध्यमवयीन बाई, नवरा गेल्यावर तिनंच सांभाळलेला. तिनं पटलेचं पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून कुंदाला विचारलं, "मतलब तुम बहुत रिजेक्ट करती हो?"

मला वाटलं, संपलं. कुंदा म्हणाली, "जितना खराब आएगा, उतना।"

बाईनं पान टेबलावर ठेवलं. "और अगर हमारा गेज ही खराब निकला तो?"

"इसीलिए पूछ रही हूँ, मास्टर रिंग है क्या?"

मास्टर रिंग म्हणजे अगदी अचूक मापाचं कडं. रोज काम सुरू करण्याआधी गेज त्यात घालून पाहायचं असतं. नीट घट्ट बसलं तर गेज चांगलं, डुललं तर झिजलं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. पहिल्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिनं मोबाइलवर शोधून, ऐकून, स्वतः शिकून घेतलं होतं.

बाईनं स्टोअरकीपरला बोलावलं. तो म्हणाला, आहे कुठंतरी, पण कधी कुणी मागितली नाही. बाई म्हणाली, ढूंढो. त्यानं कपाटं उघडली, खोकी उतरवली. बाकीचे कामगार मशीन थांबवून बघत होते. तासभर काम पाहायचं म्हणून कुंदाला बेंचपाशी नेऊन बसवलं होतं, समोर बुशांनी भरलेला ट्रे होता, हाताशी गेज होतं. सुपरवायझर दोनदा येऊन तिला म्हणाला, "मॅडम, तब तक शुरू कर दीजिए।"

"नहीं भैया, पहले रिंग," कुंदा म्हणाली.

शेवटी रिंग एका लाकडी पेटीत मिळाली, विकत आणली तशीच, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली. शोधायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ सगळी शेड कुंदासाठी खोळंबून होती, आणि तिनं एकाही नगाला हात लावला नाही.